मृदाशास्त्र शिकताय? आधी भेगा बघा

जाडजूड पुस्तकं नंतर. नागपूरला आहात, तर उन्हाळ्यात कपाशीच्या एखाद्या रिकाम्या वावरात जाऊन काळ्या जमिनीच्या भेगा बघा. हात सहज आत जातो. बेसाल्ट झिजून बनलेल्या या मातीत स्मेक्टाइट प्रकारची चिकणमाती भरपूर असते. ती पाण्याने फुगते, वाळली की आकसते. भेगांतून वरची माती आत पडते, पावसात खालची फुगून वर रेटली जाते. जमीन स्वतःच स्वतःला उलथत राहते म्हणा ना! अशा मातीला व्हर्टिसॉल म्हणतात.

मग नाल्याच्या ताज्या कापलेल्या काठावर थर वाचा: वर गडद माती, खाली बऱ्याचदा चुनखडीचे पांढरे खडे, त्याखाली मुरूम. खडा कुटून त्यावर लिंबू पिळा. बुडबुडे आले की चुना आहे. संत्र्याची पानं पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, त्यामागे अनेकदा हाच चुना असतो. लोह मातीत असतं, पण मुळांना मिळत नाही.

नवखे एनपीकेच्या (नत्र, स्फुरद, पालाश या खतांतल्या मुख्य अन्नद्रव्यांच्या) आकड्यांत अडकतात आणि मातीतला जीव विसरतात. बुरशी, जिवाणू, गांडुळं पालापाचोळा कुजवतात, म्हणून त्यातलं नत्र-स्फुरद झाडांना परत मिळतं. नांगरलेल्या शेतातलं आणि बांधावरच्या झाडाखालचं, अशी दोन वाळलेली ढेकळं पाण्यात सोडून बघा. बांधावरचं सहसा जास्त वेळ टिकतं, कारण तिथला जीव मातीचे कण धरून ठेवतो.

मातीच्या नकाशांची गोडी लागली, तर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय इथेच, अमरावती रोडवर आहे.