मालवणला स्कूबा केलंय. आता इंग्लंडमध्ये पाणी भरलेल्या जुन्या खाणीत डायव्हिंग करावं का? आणि पुण्याजवळच्या सोडून दिलेल्या दगडखाणीत?

जरूर करा, पण मालवणच्या अनुभवावर विसंबून नको. तिथे पाणी कोमट असतं आणि इन्स्ट्रक्टर तुम्हाला धरूनच फिरवतो. इथे आधी रीतसर ओपन वॉटर कोर्स (स्कूबाचा पहिला कोर्स) करा आणि ड्रायसूट, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणारा सूट, वापरायला शिका.

मी लेस्टरशायरमधल्या स्टोनी कोव्हला जातो. ग्रॅनाइटची ही खाण १९५८ साली बंद झाली. खाण चालू असताना झऱ्यांचं पाणी सतत उपसावं लागे; ते थांबल्यावर खड्डा भरत गेला. दगड काढताना पाडलेले टप्पे अजून तसेच आहेत, साधारण ६, २० आणि ३५ मीटरवर. शिकणाऱ्याला यासारखी सोय नाही, कारण पायाखाली तळ असतो आणि टप्प्याटप्प्याने खोल जाता येतं. मधल्या टप्प्यावर स्टेनगार्थ नावाची बुडवलेली टगबोट आहे. हिरवट अंधारातून ती अचानक समोर येते तेव्हा अजूनही माझा श्वास जोरात चालतो.

खरी परीक्षा थंडीची. मार्चमध्ये पाणी ५-६ अंश असतं. अशाच एका दिवशी मी बोटीजवळ सूटमध्ये आणि तरंगणं सांभाळणाऱ्या जॅकेटमध्ये एकदम हवा भरली, त्याच क्षणी मोठा श्वासही घेतला. हवा वेगाने सुटली की ती आणखी गार होते. टाकीतली हवा तोंडात देणारा रेग्युलेटर आतून गोठला आणि हवा धो धो वाहू लागली, काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत उतरत होता. जोडीदाराने लगेच त्याचा दुसरा रेग्युलेटर माझ्या हातात दिला आणि आम्ही सावकाश वर आलो. हा सराव आम्ही आदल्याच आठवड्यात ६ मीटरवर केला होता, म्हणून हात आपोआप चालले. तेव्हापासून मी हवा थोडी थोडी भरतो आणि थंड पाण्यासाठी बनवलेलाच रेग्युलेटर वापरतो.

पाण्याखाली राहण्यासाठी बांधायच्या शिशाच्या वजनांचा हिशेब नव्याने करावा लागेल. गोड्या पाण्यात समुद्रापेक्षा कमी शिसं लागतं, पण ड्रायसूट ते पुन्हा वाढवतो. तळाशी बारीक गाळ असतो. पाय खालीवर मारलेत तर क्षणात काही दिसेनासं होतं. बेडकासारखे आडवे मारा.

तुम्ही पुण्याजवळच्या सोडून दिलेल्या दगडखाणीबद्दलही विचारलंय. तिथे अजिबात उतरू नका. कडे सरळसोट, बाहेर यायला वाट नाही, तळाशी तारा नि यंत्रांचे तुकडे, आणि काही झालं तर धावून येणारं कुणी नाही. स्टोनी कोव्हमध्ये पहिल्या दिवशी इन्स्ट्रक्टरसोबत ६ मीटरवरच राहा. तिथे पर्च मासे अगदी मास्कच्या काचेजवळ येतात.