एचआयव्हीची औषधं चालू असताना उदासी आणि विसराळूपणा आला, तर इलाज होतो का?

होतो. तुम्ही लिहिलंय की निपाणीचे मामा बरीच वर्षं एआरटी (एचआयव्हीची औषधं) घेतात, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे, तरी गप्प बसून असतात, गॅसवर दूध ठेवून विसरतात.

आधी उदासीकडे बघा. नैराश्यातही डोकं मंद चालतं. ते उतरलं की स्मरण पुष्कळदा सुधारतं. सर्ट्रालीन, एसिटालोप्रामसारख्या नैराश्यावरच्या गोळ्या हल्लीच्या टीएलडी या एआरटीच्या गोळीबरोबर सहसा चालतात, पण एआरटीचा कागद दाखवूनच लिहून घ्या. गुण यायला काही आठवडे लागतात, मध्येच बंद करू नका. समुपदेशनही हवंच. अजून एफाविरेंझ ही एआरटीतली जुनी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, ती मनावर परिणाम करू शकते. थायरॉईड, बी-१२, सिफिलिसही तपासा. आणि दारू (आपल्याकडे हे विचारावंच लागतं).

एआरटी चुकवू नका. गोळ्यांच्या डबीच्या खणांवर वार लिहा, मोबाईलला गजर लावा.

मनोविकारांसाठी धारवाडला डिमहान्स ही सरकारी संस्था आहे. गावात बोभाटा होईल ही भीती खरी, पण २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानं गुप्तता बंधनकारक आहे. जीव नकोसा झालाय असं बोलले तर एकटं सोडू नका, लगेच टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मोफत आहे.