‘हात तयार आहे, पण ऐकताना काही होत नाही’

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. नऊ वर्षांची असल्यापासून क्लासिकल गिटार शिकतेय. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या संगीत परीक्षांतली आठवी ग्रेड चांगल्या गुणांनी पास झाले. रोज चार तास रियाज असतो. अलीकडे एका स्पर्धेत मी बारिओस या गिटारवादक-रचनाकाराचं ‘ला कातेद्राल’ वाजवलं. एकही सूर चुकला नाही, तरी क्रमांक आला नाही. नंतर परीक्षक म्हणाले, “हात उत्तम तयार आहे, पण ऐकताना काही होत नाही.” ज्याला पहिला क्रमांक मिळाला, तो माझ्यापेक्षा हळू वाजवत होता आणि दोनदा अडखळलासुद्धा. सर म्हणतात, आणखी मेहनत कर. आई म्हणते, कला उपजतच असावी लागते, नसेल तर वेळीच दुसरं काही निवड. मला कॉन्झर्व्हेटरीत (पाश्चात्त्य संगीताच्या महाविद्यालयात) जायचं आहे. अर्ज करू का? माझ्यात टॅलेंट आहे की नाही हे कसं ओळखायचं?

उत्तर : आधी निर्णय सांगते, कारणं मागून. अर्ज कर. पण त्याआधीचे काही महिने आत्तापर्यंतच्या पद्धतीने घालवू नकोस. आणि सोबत दुसऱ्या एखाद्या अभ्यासक्रमाचा अर्जही भरून ठेव. त्याने तुझी गिटारवरची निष्ठा कमी होत नाही.

तुझ्या पत्रात किती तास, किती वेग, किती चुका याचे उल्लेख आहेत. त्या मुलाच्या चुकाही तू मोजल्या आहेस. ‘ला कातेद्राल’ या रचनेबद्दल मात्र एक वाक्यही नाही. त्यातला कोणता भाग तुला आवडतो, कुठे काय व्हावंसं वाटतं, काही नाही. परीक्षकांना जे ऐकू आलं असावं, ते मला पत्रातच दिसलं. हे दोष म्हणून सांगत नाही. आठ वर्षं एका शिडीच्या पायऱ्या चढताना लक्ष पायाखाली राहणारच.

एक काम लगेच कर. आठव्या ग्रेडची गुणपत्रिका काढून बघ. ट्रिनिटीत प्रत्येक रचनेला २२ गुण असतात. त्यातले ७ अचूकपणा आणि ओघ यांना, ७ तांत्रिक कौशल्याला आणि ८ संवाद व अर्थ-मांडणीला. तिन्ही रचनांमध्ये शेवटच्या रकान्यात काय आहे ते पाहा. तिथेच गुण गेले असतील, तर स्पर्धेतल्या परीक्षकांनी नवं काही सांगितलेलं नाही. एकूण बेरजेच्या आनंदात ते तेव्हा नजरेतून सुटलं असेल, इतकंच. आणि तिथे पूर्ण गुण असतील, तर ते तुला जमतं, फक्त या रचनेत जमलं नाही. दोन्ही उत्तरं कामाची आहेत.

आता आईचा मुद्दा. उपजत काही नसतं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. १९९३ मध्ये मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनच्या व्हायोलिन विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वांत चांगल्या गटातल्या मुलांचा विसाव्या वर्षापर्यंतचा रियाज सरासरी दहा हजार तासांच्या आसपास होता. पुढे त्यावरूनच ‘दहा हजार तास केले की झालं’ हा समज पसरला. वास्तविक ती सरासरी होती, पार करायची रेषा नव्हती. खुद्द एरिक्सन यांनीही तसं स्पष्ट केलं होतं. मग २०१४ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. संगीतात माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण २१ टक्के भाग अशा जाणीवपूर्वक केलेल्या रियाजाने समजावता येतो, असं त्यात निघालं.

हा आकडा आईला दाखवलास तर ती म्हणेल, बघ, बाकीचं सगळं देवाघरचं! पण उरलेल्या भागात फक्त जन्मजात गुण नसतो. कोणत्या वयात सुरुवात झाली, शिक्षक कसे भेटले, रियाजाच्या तासात नेमकं काय केलं, मंचावर मन किती स्थिर राहतं, असं बरंच काही त्यात येतं. शिवाय त्याच वर्षी स्वीडनमधल्या जुळ्यांच्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की रियाज करत राहण्याची ओढसुद्धा काही अंशी आनुवंशिक असते. म्हणजे मेहनत एका बाजूला आणि देणगी दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी करताच येत नाही. माझं मत विचारशील तर टॅलेंटचा प्रश्न सुरुवातीच्या वर्षांत थोडाफार कळतो : कोण सूर पटकन ओळखतं, कोणाचा हात लवकर बसतो. ‘ला कातेद्राल’ न चुकता वाजवणारी मुलगी त्या टप्प्याच्या बरीच पुढे आलेली असते. तुझ्याकडे पुरेसं आहे. त्या ‘पुरेसं’चं तू काय करतेस, एवढाच प्रश्न आहे.

सरांचा सल्लाही मला अर्धाच पटतो. चार तास ज्या प्रकारचा रियाज होतोय, त्याच प्रकारचे सहा तास झाले तर हात आणखी साफ होईल. परीक्षकांची तक्रार हाताबद्दल नव्हतीच.

गिटारची एक मोठी अडचण आहे आणि तिची कला त्या अडचणीतूनच जन्मते. तार छेडली की सूर त्याच क्षणापासून विरायला लागतो. व्हायोलिनवाला धनुष्य ओढता ओढता सूर वाढवू शकतो, गाणारा श्वासाने फुलवू शकतो. गिटारवाल्याला ते शक्य नाही. त्यामुळे गिटारवर लांब, सलग चाल ऐकू येते तेव्हा तो एक आभास असतो. मागचा सूर किती उरलाय हे ऐकून पुढच्या सुराचं वजन ठरवलं, तरच तो टिकतो. ते ऐकलं नाही तर सूर सगळे बरोबर येतात आणि वाक्य तयार होत नाही.

दुसरी गोष्ट तुझी बोटं जाणतात, पण तू त्याकडे निर्णय म्हणून पाहिलं नसशील. पहिल्या मोकळ्या तारेचा ‘ई’ घे. तोच स्वर दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला (मानेवरच्या घराला), तिसऱ्या तारेवर नवव्या आणि चौथ्या तारेवर चौदाव्या फ्रेटला मिळतो. उंची तीच, रंग चार. मोकळी तार लखलखीत वाजते, पण तिला डाव्या हाताने व्हायब्रेटो, म्हणजे सुराचा हलका कंप, देता येत नाही. तिसऱ्या तारेवर तोच सूर जाड, गोलसर होतो. पियानोवर त्या स्वराला एकच पट्टी असते, गिटारवर निवड करावी लागते. उजवा हात ब्रिजकडे, म्हणजे तारा बांधलेल्या टोकाकडे, सरकला की आवाज धातूसारखा, फिंगरबोर्डकडे आला की मऊ. नखाचा कोन बदलला की पुन्हा वेगळा. आपोयांदो (छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकवणं) की तिरांदो (न टेकवता छेडणं)? खर्जाचा सूर वाजत ठेवायचा की वेळेवर थांबवायचा? छापील फिंगरिंग (कोणता सूर कोणत्या तारेवर, कोणत्या बोटाने) म्हणजे यातले निर्णय दुसऱ्या कोणीतरी आधीच घेऊन ठेवलेले असणं. ते चुकीचे असतात असं नाही, पण तुझे नसतात.

‘ला कातेद्राल’चं शेवटचं आलेग्रो, म्हणजे जलद भाग, आठव. अखंड आर्पेजिओ (एकेक करून वाजवलेले कॉर्डचे सूर) धावत असतात आणि त्यांच्या आत चाल लपलेली असते. सगळे सूर एकाच वजनाने पडले तर ऐकणाऱ्याला फक्त वेग ऐकू येतो. त्याआधीच्या आंदान्तेमध्ये, म्हणजे संथ भागात, कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या) सर्वांत वरच्या सुराला बाकीच्या सुरांपेक्षा किंचित जास्त वजन द्यावं लागतं, आणि ते एकाच हाताच्या बोटांमध्ये वाटून द्यायचं असतं. बारिओसने १९२१ मध्ये हे दोन भाग लिहिले, प्रील्यूड, म्हणजे सुरुवातीचा भाग, बऱ्याच वर्षांनी, १९३८ मध्ये जोडला. तो कशासाठी जोडला असेल? तुझ्यापुरतं याचं उत्तर शोध. बरोबर-चूक असा प्रश्न नाही. पण उत्तर असलेली व्यक्ती प्रील्यूड वेगळा वाजवते.

हे शिकता येतं का? येतं, आणि बोटांइतकाच त्याचाही रियाज लागतो. गिटारच्या सर्वांत प्रसिद्ध कॉन्चेर्तोचा (ऑर्केस्ट्रासोबतच्या रचनेचा), ‘आरानह्वेस’चा (१९३९) रचनाकार होआकिन रोद्रिगो स्वतः गिटार वाजवत नव्हता, पियानो वाजवायचा. प्रसिद्ध गिटारवादक ज्युलियन ब्रीम लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये गेला तेव्हा तिथे गिटार शिकवलीच जात नव्हती, तो पियानो आणि चेलो शिकला. संगीताचा विचार बोटांच्या बाहेरही घडतो, एवढ्यासाठी ही दोन नावं घेतली.

आता रियाजाची पद्धत. पुढचे तीन महिने ‘ला कातेद्राल’ बाजूला ठेव. त्याऐवजी फर्नांदो सोर या जुन्या गिटार-रचनाकाराचा बी मायनरमधला एट्यूड (सरावाची छोटी रचना) घे, ओपस ३५ मधला २२ वा. तुझ्या हाताला तो अगदी सोपा आहे, म्हणूनच घ्यायचा. हात गुंतलेला असला की कान बंद होतात. पहिले दोन-तीन दिवस गिटारला हात लावू नकोस. चाल गाऊन बघ. आवाज कसाही असो, दार लावून गा. श्वास कुठे घ्यावासा वाटतो तिथे पेन्सिलने खूण कर. प्रत्येक वाक्यातला सगळ्यात महत्त्वाचा सूर कोणता ते ठरव. मग त्याच चालीला दोन पूर्ण वेगळी फिंगरिंग लिही, दोन्ही रेकॉर्ड कर आणि दुसऱ्या दिवशी ऐक. त्याच दिवशी ऐकलंस तर कानाला फक्त चुका सापडतील. मग मुद्दाम उलटे निर्णय घेऊन वाजव : जिथे वाढवत होतीस तिथे कमी कर. विचित्र वाटेल. कुठे विचित्र वाटतं यावरून कळतं, की आधीचा निर्णय खरा होता की नुसती सवय होती.

स्केल आणि जुलियानी या रचनाकाराचे आर्पेजिओचे सराव सोडू नकोस, पण त्यांना एक तास पुरे. तोही एकच गोष्ट पन्नासदा घोटण्यापेक्षा तीन-चार गोष्टी आलटून पालटून. त्या तासात खराब वाटेल, पण लक्षात जास्त राहतं. बर्लिनच्या त्या चांगल्या व्हायोलिनवाल्यांबद्दल आणखी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ते दुपारी झोपायचे.

गिटारची रेकॉर्डिंग थोडी कमी ऐक. गायक आणि चेलोवादक जास्त ऐक. आणि कोणाबरोबर तरी वाजव. बासरी, आवाज, दुसरी गिटार, जे मिळेल ते. गिटार एकट्याने शिकली जाते, त्यामुळे आपल्या सोयीने लय सैल करायची सवय लागते आणि नोटेशन पाहून लगेच वाजवणं कच्चं राहतं. प्रवेशाच्या ऑडिशनला या दोन्ही गोष्टी उघड्या पडतात.

हाताबद्दल थोडक्यात, पण गंभीरपणे. दुखलं किंवा बधिर झालं तर थांब. न दुखता एखादं बोट आपोआप आत वळायला लागलं किंवा ऐकेनासं झालं, तर जास्त रियाजाने ते सुटेल असं समजू नकोस. फोकल डिस्टोनिया नावाचा विकार असा सुरू होऊ शकतो. व्यावसायिक वादकांत त्याचं प्रमाण साधारण एक टक्का सांगतात. त्यात जोर लावून वाजवत राहणं सर्वांत वाईट.

उपजीविकेचं चित्र उगाच रंगवत नाही. व्हायोलिन शिकलेल्याला ऑर्केस्ट्रातल्या कायम नोकरीसाठी ऑडिशन देता येते. सिंफनी ऑर्केस्ट्रात गिटारची कायमची खुर्ची नसते. मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्यांना मैफलींचे दौरे मिळतात, पण पुढच्या वेळी नवा विजेता असतो. केवळ मैफलींवर जगणारे गिटारवादक मोजके. बाकीच्यांची कमाई शिकवणं, थोड्या मैफली, सहवादन, रेकॉर्डिंग, दुसऱ्या वाद्यांच्या रचना गिटारसाठी बसवणं, अशी तुकड्यातुकड्यांची असते, आणि त्यात शिकवण्याचा वाटा बहुधा मोठा. म्हणून टॅलेंटपेक्षा मला तुझ्याकडून या प्रश्नाचं उत्तर हवंय : नवशिक्या मुलाला उजव्या हाताची बोटं आलटून पालटून चालवायला शिकवताना तुला कंटाळा येतो का? सरांना विचारून त्यांच्या एखाद्या लहान विद्यार्थ्याला काही आठवडे शिकवून बघ. शिकवणं अजिबात सोसत नसेल, तर पदवी दुसऱ्या विषयात घेऊन गिटार आयुष्यभर उत्तम वाजवण्याचा पर्याय जास्त सुखाचा ठरेल. त्यात हार नाही.

अर्ज करताना संस्थेच्या नावाआधी तिथे गिटार कोण शिकवतं ते बघ. शक्य असेल तर त्यांच्याकडे एक तास शिकण्याची विनंती कर. बरेच शिक्षक तयार होतात. त्या तासात ते फक्त बोटांबद्दल बोलतात की रचनेबद्दलही विचारतात, यावरून खूप कळेल. ऑडिशनला बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या काळातल्या, वेगळ्या स्वभावाच्या रचना मागतात. अटी संस्थेगणिक बदलतात, त्या नीट वाच. त्यात एक संथ रचना नक्की ठेव. तुझ्या क्षमतेच्या टोकावरची रचना ठेवू नकोस, कारण तिथे तू पुन्हा चुका मोजायला लागशील.

आईचं वाक्य टॅलेंटबद्दल असलं, तरी तिची काळजी बहुधा पैशांची आणि वर्षांची आहे. तिला हे पत्र वाचायला देणार असशील तर कमाईचा परिच्छेद आधी दाखव. मग अर्जाच्या मुदतीआधी घरी एकत्र बसून ठरवा, की घरून किती वर्षं आधार मिळेल आणि त्यानंतर शिकवणी सुरू करून तू स्वतःचा किती भार उचलशील.