‘मले गमूनच नाही राह्यलं’

प्रश्न एका ताईंचा आहे. त्या मूळच्या नाशिककडच्या, लग्न होऊन यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात आल्या. त्या लिहितात : “माझे सासरे पोळ्यापासून सारखं ‘मले गमूनच नाही राह्यलं’ म्हणतात. यजमान म्हणतात, गमत नाही म्हणजे करमत नाही, होईल ठीक. आता दिवाळीही गेली. गमणे आणि करमणे एकच का? की या शब्दात आजारपणही येतं?”

ताई, कोशापुरतं पाहिलं तर तुमच्या यजमानांचं बरोबर आहे. दोन्ही क्रियापदं मुळात ‘जाणे’ या अर्थाची. करमणे आलं ‘क्रमणे’वरून, वाट क्रमणे, काळ क्रमणे आपण अजूनही लिहितो. गमणे आलं ‘गम्’ धातूवरून. वेळ सुखानं जातो तेव्हा करमतं, गमतं. गुजरातीत हाच शब्द आणखी पुढे सरकला आणि ‘मने गमे छे’ म्हणजे ‘मला आवडतं’ झालं. जुन्या मराठी कवितेत ‘गमे’ म्हणजे ‘वाटे’. वऱ्हाडात मात्र त्याचा काळाशी असलेला संबंध टिकून आहे. गमत नाही म्हणजे वेळ पुढे सरकत नाही.

पण कोशात शब्द एकटा असतो, घरात तो वाक्यात येतो. तुमच्या सासऱ्यांचं वाक्य नीट ऐका. आमच्याकडे ‘करून राह्यला’, ‘येऊन राह्यला’ हे रूप सध्या चालू असलेल्या गोष्टीसाठी येतं. ‘मले शहरात गमत नाही’ हा स्वभाव झाला. ‘मले गमून नाही राह्यलं’ म्हणजे आधी गमत होतं, आता या दिवसांत गमेनासं झालं. बदल झालाय, हे ते स्वतःच सांगताहेत. त्यात ‘गमूनच’ मधला ‘च’ म्हणजे अजिबातच नाही.

दुसरी खूण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. साध्या गमत नाहीला सोबत लागते. पोरगी सासरी गेली, घरात गमत नाही. नातू पुण्याला गेला, त्याच्याबिगर गमत नाही. जागा असते, माणूस असतं, आणि नातू आठ दिवस येऊन राहिला की गमायला लागतं. आजारातल्या गमत नाहीला अशी सोबत नसते. “कुठं गमत नाही, बाबा?” विचारलं तर उत्तर येतं, “कुठंच नाही. कशातच नाही.” नातू येतो, मांडीवर बसतो, तरी चेहरा तसाच.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. माझे मोठेबाबा पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळण कोणाला करू देत नसत. लोणी-हळद स्वतः कालवायचे, बैलाच्या मानेवरून हात फिरवत त्याच्याशी बोलायचे. एका वर्षी हळदीची वाटी हातात घेऊन ते ओट्यावर बसले ते बसलेच. बैल दावणीला उभे, पोरं वाट पाहत. बोटांवरची हळद वाळून तिला भेगा पडल्या, तरी हात वाटीतच. शेवटी वाटी माझ्याकडे सरकवली. “तूच कर, बाप्पू. मले गमून नाही राह्यलं.” आम्ही म्हटलं, उमर झाली. त्याआधी दोन महिने ते पहाटे तीनलाच उठून अंगणात फिरत होते, भाकर अर्धी ठेवत होते, वावरात जाऊन पऱ्हाटीकडे न पाहताच परत येत होते. हे सगळं आम्ही पाहिलं होतं, पण एका ओळीत मांडलं नव्हतं.

ते एका ओळीत मांडायचं म्हणजे निदान करायचं नाही, डॉक्टरांकडे न्यायचं. नैराश्याच्या तपासणीत पहिले दोन प्रश्न विचारतात ते असे : गेल्या दोन आठवड्यांत कशात रस, आनंद वाटेनासा झाला का? आणि उदास, निराश वाटलं का? यातला पहिला प्रश्न वऱ्हाडी माणसाला ‘गमते का?’ एवढ्यात कळतो. जवळजवळ रोज, दिवसातला बहुतेक वेळ, दोन आठवडे असं राहिलं आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, अंगातला दम, बोलण्याची गती बदलली, ‘मी आता भार झालो’ अशी भाषा सुरू झाली, तर तो उमरीचा भाग समजू नये. खेड्यातला माणूस ‘मी उदास आहे’ असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो हातपाय गळून गेले, डोस्कं जड पडलं, जीव घाबरून राह्यला. दुखणं तो अंगातून सांगतो, आणि ते खोटं नसतं.

या शब्दाचं मोल मला आणखी एका कारणानं वाटतं. ‘तो येडा झाला’, ‘पागल झाला’ यात माणूस कर्ता असतो, सगळं त्याच्या माथी येतं. ‘मले गमत नाही’ मध्ये तो कर्ता नाही. जशी मले भूक लागते, मले ताप येतो, तसंच. गावात हे चारचौघांत बोलता येतं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम झाला होता. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी लोकांशी या आजाराबद्दल बोलणं सुरू केलं, आणि नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बोलण्यानं एवढं होत असेल तर बोलायला सोपा शब्द घरातच आहे, तो का टाकावा?

तुम्ही शेवटी लिहिलंय की सासरे विसरायलाही लागलेत आणि शेजारचे त्याला ‘म्हातारचळ’ म्हणतात. हा शब्द घरात येऊ देऊ नका. चळ म्हणजे ढळणं, पण म्हातारचळात टवाळी आहे, चारित्र्यावर शिंतोडा आहे. मेंदूच्या काही आजारांत माणसाचा संकोच सुटतो, तो अनोळखी बाईला वाटेल ते बोलतो. तो आजार असतो, चळ नव्हे. ‘साठी बुद्धी नाठी’नेही असंच नुकसान केलंय. नाठी म्हणजे नष्ट झालेली, पण साठीला बुद्धी नष्ट होत नाही. स्मृतिभ्रंश हा शब्द गीतेत आहे, ‘स्मृतिभ्रंशाद् बुद्धिनाशो’, तिथे मात्र तो रागामागून येणारा आहे. आजचा स्मृतिभ्रंश म्हणजे हळूहळू वाढणारा विसर : वावराचा रोजचा रस्ता चुकणं, तोच प्रश्न पाच मिनिटांत पुन्हा विचारणं, पैशाचा हिशोब न जुळणं.

नैराश्यातही विसर पडतो. ढोबळ फरक असा की नैराश्यातला माणूस स्वतःच म्हणतो, “मले काहीच ध्यानात राहात नाही.” स्मृतिभ्रंशात बहुधा घरचे म्हणतात आणि माणूस म्हणतो, “मी कुठं विसरलो?” दोन्ही एकत्रही असू शकतात, थायरॉइड किंवा बी-१२ कमी असल्यानंही असं होतं, म्हणून रक्त तपासून घ्यावं. आणि एक-दोन दिवसांतच एकाएकी बरळायला लागले, दिवस-रात्र कळेना, ज्याला आपण ‘वात झाला’ म्हणतो, तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या. ताप किंवा लघवीचा संसर्गही त्यामागे असतो.

आता ‘औषध’. आमच्या गावांत ‘त्यानं औषध घेतलं’ याचा अर्थ तुम्हाला माहेरी कळला नसता. फवारणीचं तेही औषध, आणि ते घेतलं म्हणजे जीव द्यायला विष प्यायलं. त्यामुळे सासऱ्यांना “औषध घेतलं का?” असं विचारू नका, ‘गोळी’ म्हणा. गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, मधेच बंद करू देऊ नका. फवारणीचे डबे कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे. ‘जगून काय करू’ असं निघालं तर सरळ विचारा, “बाबा, जीव द्यायचं मनात येते का?” विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट आत कोंडलेला बाहेर येतो. ‘हो’ म्हणाले तर त्यांना एकटं ठेवू नका आणि लगेच डॉक्टर गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर दिवसा-रात्री कधीही फुकट बोलता येतं, मराठीतही.

यवतमाळच्या डॉक्टरांकडे न्याल तेव्हा ‘त्यांना करमत नाही’ असं भाषांतर करून सांगू नका. सासऱ्यांचंच वाक्य जसंच्या तसं सांगा, आणि पुढे जोडा : पोळ्यापासून, रोज, कशातच.