वाचकांचे प्रश्न : शिंग गेलं कुठं?

प्रश्न : दर रविवारी सकाळी प्राणिसंग्रहालयात माझी फेरी असते. चितळांच्या कळपातल्या मोठ्या नराला एका रविवारी एकच शिंग दिसलं, पुढच्या रविवारी तेही नव्हतं. आता दुसऱ्या एका नराच्या शिंगांवरून रक्ताळलेल्या चिंध्या लोंबताहेत. मारामारी झाली असेल की आजार? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : बहुधा दोन्ही नाही. बैलाचं किंवा काळविटाचं शिंग म्हणजे हाडावर चढलेली खोळ, ती जन्मभर टिकते. चितळाचं शिंग भरीव हाडाचं असतं आणि साधारण वर्षातून एकदा बुडापासून सुटून पडतं. दोन्ही एकाच दिवशी पडतीलच असं नाही. पडल्या जागी लालसर खूण राहते, तिच्यावर खपली धरते आणि तिथूनच नवं शिंग फुटतं. वाढत्या शिंगावर बारीक लव असलेली कातडी असते. तिच्यातल्या रक्तवाहिन्या हाडाला पोसतात. वाढ संपली की रक्तपुरवठा थांबतो, कातडी सुकून फाटते आणि नर ती झाडाच्या बुंध्यावर घासून सोलतो. तुम्ही पाहिल्या त्या याच चिंध्या. चितळांचा असा एक ठरलेला हंगाम नसतो, त्यामुळे एकाच कळपात एक नर बोडका, एक लवेचा आणि एक टोकदार शिंगांचा दिसतो.

कळवायचं ते शिंग मधूनच मोडून रक्त येत असेल, जखमेवर माश्या घोंघावत असतील किंवा नर कळप सोडून मान टाकून बसला असेल तर. त्याचा रवंथ पाहा. बसलेलं निरोगी चितळ जबडा आडवा फिरवत चावतं, गिळतं, थोडं थांबतं. मग पुढचा गोळा मानेतून वर सरकताना कातडीखाली स्पष्ट दिसतो. दोन-तीन वेळा जाऊनही रवंथ दिसला नाही, तर रखवालदाराला पिंजरा आणि वेळ दोन्ही सांगा.

याच संदर्भात भडंग आणि भाकरीचं बोलायला हवं. कुंपणातून टाकलेलं पिठूळ खाणं चितळाच्या पोटात झपाट्याने आंबतं, आम्ल वाढतं, चारा पचवणारे जिवाणू मरतात आणि रवंथ थांबतो. त्यातून जनावर दगावूही शकतं. ‘एवढ्याशाने काय होतंय’ असं म्हणणारे रविवारी शंभर जण असतात. प्राणिसंग्रहालयातल्या जनावरांना खाऊ घालणं, डिवचणं हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे.

प्रश्न : बिबट्या सारखा एकाच रेषेत येरझाऱ्या घालतो. भूक लागलेली असते का? – एक वाचक, होटगी रोड

उत्तर : कधी भूक, कधी कंटाळा. नुसत्या नजरेने ठरवू नका, मोजा. पिंजऱ्यापासून जरा लांब उभे राहा. वीस मिनिटं दर मिनिटाला एक खूण करा : चालतोय, बसलाय, झोपलाय. सकाळी उघडताना, दुपारी आणि खाण्याच्या वेळेआधी, अशा किमान तीन वेगवेगळ्या दिवशी. शेजारी तापमान आणि गर्दीही लिहा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात अकरा ते चार या वेळात बिबट्या सावलीत पडलेलाच सापडेल आणि तुमची नोंद फसवी निघेल.

फेऱ्या खाण्याआधीच वाढत असतील तर ती जेवणाची वाट पाहणं आहे. अनेक ठिकाणी मांसाहारी प्राण्यांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो, तेही विचारून घ्या. पण सकाळ-संध्याकाळ सारख्याच फेऱ्या, तीच वळणाची जागा, मातीत पडलेली पायवाट असेल, तर कोंडल्याने जडलेली सवय समजा. लपायला आडोसा, चढायला उंच मचाण, नखं घासायला जाड ओंडका आणि मांस रोज वेगळ्या जागी लपवून देणं यांनी ती कमी होते. पूर्ण जाईलच असं नाही. नवा ओंडका आला, तर त्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदी शेजारी ठेवून पाहा.

प्रश्न : मगर तासभर तोंड उघडं ठेवून पडली होती. मेली की काय? – एक वाचक, सात रस्ता

उत्तर : जिवंत आहे. मगरीला आपल्यासारखा घाम येत नाही. उन्हात जबडा उघडला की तोंडातल्या ओलाव्याची वाफ होऊन डोकं थंड राहतं. खडा मारून हलवून पाहू नका.