उजळली म्हणजे जागी झाली का?

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझी फिल्म काल रात्री तीनदा बघितली. जर्कॅट पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काचेवर टेकतात, मिनिटभरात आत कॅल्शियम उसळतं, झॅप-70 या सिग्नल पुढे नेणाऱ्या प्रथिनाचे हिरवे ठिपके पडतात. छान आहे. पण अँटी-सीडी3 (टी पेशीला जागं करणारी अँटिबॉडी) न लावलेल्या काचेवर, तेवढाच लेसर टाकून काय झालं? ती फाईल मला सापडली नाही. केलीच नसशील, तर बाकी सगळं बाजूला ठेव आणि आधी तेवढं कर. निळ्या लेसरचा मारा पेशीला सोसत नाही, आणि त्रासलेल्या पेशीतही कॅल्शियम चढतं.

ठिपक्यांबद्दलही मला शंका आहे. टर्फ सूक्ष्मदर्शकात उजेड काचेपासून जेमतेम 100-200 नॅनोमीटर पोचतो. त्यामुळे पेशी नुसती काचेला चिकटून बसली तरी ती उजळते. प्रथिन तिथे गोळा झालंच पाहिजे असं नाही. पेशीच्या पटलाला दुसऱ्या रंगाचा डाय लाव. दोन्ही रंग एकदमच वाढले, तर तो सिग्नल नव्हे, पेशीने मारलेली बैठक आहे.

कॅल्शियमसाठी फ्लुओ-4 हा डाय वापरलास, चालेल. पण रॉजर त्सिएन यांच्या गटाने 1985मध्ये मांडलेला फ्युरा-2 एकदा तरी वापरून बघ. 340 आणि 380 नॅनोमीटरने आळीपाळीने उजळायचं आणि दोन्ही वेळच्या चमकेचा भागाकार घ्यायचा. डाय कुठल्या पेशीत कमी शिरला, कुठल्या पेशीत जास्त, याचा घोळ बराचसा मिटतो. (अतिनील उजेडही पेशीला बाधतो, तेव्हा तिथेही हात आखडता.)

माझी फजिती सांगते. चेंबर 37 अंश दाखवत होता आणि पेशी ढिम्म. दोन महिने मी अँटिबॉडीच्या नावाने खडे फोडले. शेवटी बारीक थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) थेट काचेवर टेकवलं. तेलातून चिकटलेलं ते सूक्ष्मदर्शकाचं जाडजूड ऑब्जेक्टिव्ह भिंगच ऊब ओढून नेत होतं! त्याला वेगळा हीटर लावला आणि त्याच दुपारी पेशी बोलायला लागल्या.

पुढे पीडी-1, म्हणजे टी पेशीवरचा ब्रेक, बघायचं म्हणतेस. त्याचे ठिपके टी पेशीच्या रिसेप्टरजवळ जमून एसएचपी2 (SHP2) या सिग्नल दाबणाऱ्या एन्झाइमला बोलावतात, हे 2012मध्ये सूक्ष्मदर्शकाखालीच दिसलं. कॅन्सरची पेशी पीडी-एल1 हे पीडी-1च्या जोडीचं प्रथिन दाखवून हाच ब्रेक दाबते. विषय चांगला आहे. मात्र तिथे ठिपके मोजूनच निष्कर्ष काढावा लागेल, म्हणून आत्ताच एवढी कटकट करते आहे.

कोऱ्या काचेची फाईल पाठव. लेसरची पॉवर किती होती, तेही लिही.