पहिला तुकडा बरोबर, पुढचे आखूड

प्रश्न : काका, २२ वर्षं मी एकट्यानेच सुतारकाम केलं. तीन महिन्यांपूर्वी एक १८ वर्षांचा मुलगा हाताखाली घेतला. वेळेवर येतो, उलट बोलत नाही, पण माप काही जमत नाही. लांब पट्टीतून ४५० मिलिमीटरचे पाच तुकडे काढायला सांगितले, तर पहिला बरोबर आणि पुढचे सगळे दीड मिलिमीटर आखूड. ‘रेघ जिवंत ठेव, रेघेच्या बाहेरून काप’ हे शंभरदा सांगून झालं. बोललो की मान खाली घालतो. तो गेल्यावर मी रात्री तुकडे नव्याने कापून ठेवतो. हे काम त्याच्या हातातच नाही, असं समजायचं का?

उत्तर : नाही. तो तुमचंच ऐकतोय, म्हणून तर तुकडे आखूड येतात.

माझा अंदाज असा, की तो पट्टीवर ४५०, ९००, १३५० अशा सगळ्या रेघा आधीच मारून घेतो. मग तुम्ही सांगितल्याप्रमाणे प्रत्येक रेघेच्या पलीकडून करवत चालवतो. पहिला तुकडा पुरा निघतो. पण करवतीच्या दातांनी खाल्लेलं दीड मिलिमीटर जातं कुणाचं? दुसऱ्या तुकड्याचं. तिथून पुढे प्रत्येकाचं तेच. एका तुकड्याची ‘बाहेरची बाजू’ म्हणजे शेजारच्या तुकड्याचं लाकूड, हे तुम्ही त्याला सांगितलेलं नाही. सांगणार तरी कसे? तुम्ही एक कापता, मग पुढचं माप घेता. हात आपोआप करतो, त्यामुळे सांगण्यासारखं काही आहे हेच ध्यानात येत नाही.

निष्काळजी माणसाचे तुकडे कधी लांब, कधी आखूड येतात. दर वेळी तेवढाच, त्याच बाजूला फरक पडत असेल तर त्याची पद्धत बघायची. तेव्हा उद्या बोलू नका. ‘कसं आखतोस ते दाखव’ म्हणा आणि हात मागे बांधून उभे राहा. (हे सगळ्यात अवघड. मला अजून जमत नाही.)

मी शिकाऊ असताना टेपच्या टोकाचं हूक हलतं म्हणून हातोडीने ठोकून पक्कं केलं होतं. वाटलं, मिस्त्री शाबासकी देणार. ते हूक स्वतःच्या जाडीइतकं हलायलाच हवं. टोकाला अडकवून ओढलं किंवा आतून टेकवून दाबलं, तरी माप तेच यावं म्हणून. माझ्या कृपेने आतली मापं जवळजवळ मिलिमीटरभर चुकायला लागली. मिस्त्रींनी टेप माझ्याच हातात ठेवला आणि खणाचं आतलं माप आधी पोलादी पट्टीने, मग टेपने घ्यायला लावलं. दोन आकडे वेगळे आले तेव्हा माझा मीच लाल झालो. त्यांनी ते गुपचूप दुरुस्त केलं असतं, तर आजही मी हुकं ठोकत बसलो असतो.

म्हणून रात्रीचं ते नव्याने कापणं आधी बंद करा. सकाळी तो येतो, तुकडे नीट दिसतात; एक तर त्याला वाटतं आपलंच बरोबर होतं, नाहीतर सगळं कळतं आणि मान आणखी खाली जाते. आखूड तुकडे त्यालाच चौकटीत बसवू द्या. सांध्याची फट त्याला स्वतःला दिसू दे. वाया जाणारं लाकूड लहान मापाच्या कामाला लागतं, तेवढं सोसा.

सारख्या लांबीचे तुकडे काढताना प्रत्येक वेळी टेप लावायचीही गरज नाही. पहिला तपासून त्यावर खूण करा आणि बाकीचे त्यावरूनच आखायला शिकवा. दर वेळी नुकत्याच कापलेल्या तुकड्यावरून पुढचा आखला, तर केसाकेसाने फरक वाढत जातो.

पटाशीबद्दल, म्हणजे लाकूड कोरायच्या धारदार हत्याराबद्दल, तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. लाकूड धरलेला त्याचा डावा हात धारेच्या पुढे येतोय का, ते मात्र उद्याच बघा. तिथे हात मागे बांधून उभं राहायचं नाही, जागच्या जागी ओरडायचं.